बाईसाहेबांना खुडूक झालंय

...आणि वर मलाच विचारतात, "अंडी काय दुकानात मिळत नाहीत?" मिळतात! मिळतात हो, माहितीये मला, डोळे आहेत मला, कोपऱ्यावरच्या दुकानात छतापर्यंत ट्रे रचलेत, रोज त्यांच्यासमोरून जाते मी! पण मला एक सांगा, तुम्ही मांजर पाळलं तर कोणी विचारतं का, "उंदीर मारायला औषध मिळत नाही का?" नाही ना? कुत्रा आणला की लोक कसे, "अय्या, कित्ती गोड, नाव काय याचं?" आणि कोंबडी आणली की पहिला प्रश्न काय, तर "कापणार कधी?" अहो, माझ्या मांडीवर बसलीये ती! तिच्या तोंडावर विचारताय!

थांबा, सुरुवातीपासून सांगते. थोडक्यात सांगते. मला थोडक्यात जमत नाही, पण बघू.

माझं काम म्हणजे तक्रारींना उत्तरं देणं. कपडे धुवायच्या मशीनच्या कंपनीत, घरून. लोक लिहितात, "तुमच्या मशीननं माझा पांढरा शर्ट गुलाबी केला," मी लिहिते, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." लोक लिहितात, "मशीन धडधडत धडधडत स्वयंपाकघरातून हॉलमध्ये आलं," मी लिहिते, "दिलगीर आहोत." सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा मी दिलगीर असते. दोन वर्षं! सातव्या मजल्यावर, एकटी, बाजूला गच्ची, गच्चीवर वाळत घातलेला एक टॉवेल. आणि एक दिवस लक्षात आलं की परवापासून मी तोंड उघडून कोणाशी बोललेच नाहीये. मी! जिच्या बडबडीला कंटाळून शाळेत बाईंनी मला बाकासकट बाहेर बसवलं होतं, ती मी! त्या दिवशी मी गच्चीवर गेले आणि टॉवेलला म्हणाले, "काय रे, वाळलास का?" आणि मग मलाच माझी भीती वाटली.

म्हणून कोंबडी.

कुत्र्याला खाली फिरवावं लागतं. मांजर आपल्याला पाळतं. पोपट बोलतो, आणि बोलायला घरात मी आहे की, दुसरं कोणी कशाला? मला ऐकणारं हवं होतं. आणि वर सकाळी एक ताजं अंडं. जास्त मागितलं का मी? तर आईचा फोन. "अगं, अंडी काय दुकानात मिळत नाहीत?" मिळतात, आई! पण दुकानातल्या ट्रेला मी माझ्या दिवसभराचं सांगू का?

तर शहराबाहेर एक आजोबा आहेत, चाळीस वर्षं एकच कोंबडी सांभाळून आहेत. म्हणजे एकच कोंबडी नव्हे, एकच वाण! जुना, अस्सल. काय रूप सांगू तुम्हाला... पायांना पिसं, थेट नखांपर्यंत, जसे काही लोकरीचे मोजे घातलेत आणि ते घसरलेत. डोक्यावर तुरा. रंग उन्हात विटेसारखा आणि सावलीत चहासारखा. आजोबा म्हणाले, "पोरी, या वाणाच्या आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्यात बघ. लोकांना रोज अंडं घालणारी पाहिजे. ही रोज घालत नाही. हिच्या मनात आलं तर घालते." मी म्हटलं, माझ्यासारखीच! मग त्यांनी तिला उचलून माझ्या हातात दिलं आणि अगदी छाती फुगवून म्हणाले, "आणि बरं का, ही बसणारी आहे हं! छान बसते!" मला वाटलं, वा! बसणारी! म्हणजे शिस्तीची, उगाच सैरावैरा पळणारी नव्हे. मी म्हटलं, "आजोबा, माझंही काम बसूनच असतं, जमेल आमचं." आजोबा माझ्याकडे जरा वेळ नुसते बघत राहिले. मला वाटलं कौतुकानं बघतायत.

एक एकटी राहत नाही म्हणून दोन आणल्या. मोठी ती बाईसाहेब, कारण चालणं तसं, मान ताठ, एक पाऊल टाकायचं, थांबायचं, सगळ्या गच्चीकडे नापसंतीनं बघायचं, मग दुसरं पाऊल. आणि लहान ती शेपूट, कारण सतत बाईसाहेबांच्या मागे. शेपूट अजून अंडी घालायच्या वयाची नव्हती, त्यामुळे अंड्यांचं खातं एकट्या बाईसाहेबांकडे. आणि तुम्हाला सांगते, पहिलं अंडं! सायीच्या रंगाचं, गरम, मी हातात धरलं आणि... नाही, रडले नाही. डोळ्यात पीस गेलं होतं.

आठवड्यात तीन अंडी. कधी दोन. पण दिवसभर साथ! मी टेबलाशी, बाईसाहेब टेबलाखाली, माझ्या पायावर पाय देऊन. मी मोठ्यानं तक्रार वाचायची, "ग्राहक म्हणतात मशीनमधून मोजा परत आला नाही," आणि बाईसाहेब खालून, "कोऽऽक?" म्हणजे, "काय सांगतेस?" एवढं लक्ष देऊन माझं कोणी ऐकलंय का आजवर? टीम लीड मीटिंगमध्ये म्हणतो, "तुझ्याकडून काहीतरी आवाज येतोय." मी म्हटलं, सहकारी आहे. तो म्हणतो, "मस्त! कापणार कधी?"

आता सेक्रेटरीकाका. आमच्या बिल्डिंगचे. हातात कायम नियमांची वही. दुसऱ्याच दिवशी दारात. "पाळीव प्राण्यांमध्ये कुत्रा, मांजर, मासे आणि पक्षी एवढ्यांनाच परवानगी आहे."

"मग काका, पक्षीच आहेत की."

"कोंबडी पक्षी आहे?"

"मग काय भाजी आहे?"

"उडते का?"

"काका, शहामृग तरी उडतं का?"

"शहामृगालासुद्धा परवानगी नाही!"

आणि जिना उतरता उतरता, ऐका हं, ठरलेलं वाक्य! "अंडी काय दुकानात मिळत नाहीत?" मिळतात! पण मी वहीवर बोट ठेवून 'पक्षी' शब्द दाखवला होता ना, त्यामुळे नाइलाज. गेले बिचारे. तेव्हापासून टपूनच होते.

आणि मग ते झालं.

एक सोमवार. बाईसाहेब उठेनात. खोक्यात, जुन्या चादरीवर, पसरून बसलेल्या, अंग फुगवून दुप्पट. खाणं नाही. मी हात पुढे केला तर "गुर्र्र्र!" कोंबडी गुरगुरते? आणि अशी चोच मारली की अजून खूण आहे, ही बघा! पोटाला हात लावला तर गरमगरम. छातीची पिसं उपटलेली, चादरीवर पडलेली, खाली लालभडक कातडी. अंडं तर आठ दिवस नाहीच. मी घाबरले. त्यात माझा माउस हरवलेला, तो पांढरा, बिनवायरचा, चार दिवस शोधत होते, काम धड होईना, ग्राहक खवळलेले... मी प्राण्यांच्या दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर नव्हते, कंपाउंडर होता. मागे दहा कुत्री भुंकतायत. मी सगळं एका दमात सांगितलं. तो म्हणाला, "मोकळ्या जागेवर बसून राहते? अंगाखाली घेते? अंगावर येते? हां, मग खुडूक आहे हो ताई. एकवीस दिवस धरून चाला." आणि फोन ठेवला!

खुडूक!

आता तुम्ही का हसताय? तुम्हाला माहितीये? पहिल्या रांगेतल्या काकू, तुम्हाला माहितीये ना? मग त्या सोमवारी कुठे होतात तुम्ही? मी शहरात वाढलेली मुलगी, मी कोंबडी पहिल्यांदा पाहिली ती पुस्तकात, 'क'च्या पानावर! मला काय माहीत खुडूक म्हणजे काय? शब्द ऐका ना तुम्ही. खु-डूक! छातीत कफ झाल्यासारखा शब्द आहे! आणि वर एकवीस दिवस! मी म्हटलं, संपलं. गेली माझी बाईसाहेब.

मी रडत रडत मावसबहिणीला मेसेज लिहिला. "बाईसाहेबांना खुडूक झालंय. ताप आहे. छातीची पिसं गेली. अन्न सोडलं. एकवीस दिवस म्हणतायत. कोणाला सांगू नकोस." आणि पाठवला. बिल्डिंगच्या ग्रुपवर.

दोन मिनिटांत सगळ्यांनी वाचला. मग पहिला मेसेज, "कोण बाईसाहेब? पाचव्या मजल्यावरच्या?" मग दुसरा, "पिसं???" मग कोणीतरी लिहिलं, "कोंबडी, कोंबडी!" आणि मग जो धबधबा सुरू झाला! "खुडूक हवेतून पसरतो का?" "लिफ्टमध्ये पीस दिसलं होतं सकाळी, मी हात लावला, आता काय करू?" "माझ्या कालपासून मानेला खाज येतेय." आमच्याकडे तिसऱ्या मजल्यावर एक काका आहेत, त्यांच्या साडूला जगातलं सगळं होऊन गेलंय. म्हणून आम्ही त्यांना साडूकाकाच म्हणतो. त्यांनी लिहिलं, "खुडूक फार वाईट. माझ्या साडूला झाला होता गेल्या वर्षी. अजून डावा खांदा वर होत नाही."

संध्याकाळी लिफ्टशेजारी नोटीस. "सातव्या मजल्यावरील खुडूकग्रस्त पक्षी रविवारपर्यंत हलवण्यात यावा. रविवारी सकाळी अकरा वाजता पार्किंगमध्ये तातडीची सभा." मी काकांना गाठलं. म्हटलं, हलवायचा म्हणजे कुठे? आजोबांकडे परत नेऊ? त्यांच्याकडे उरल्यात मोजक्या, त्यांनाही लागण करू? काका चष्मा पुसत म्हणाले, "तुला कळतंय मला काय म्हणायचंय ते."

कळलं मला.

तो आठवडा मी कसा काढला मला माहीत. चमच्यानं पाणी पाजायला जायचं, चोच खायची, परत जायचं. कामात लक्ष कुठलं! एका ग्राहकाला मी लिहिलं, "आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही खुडूक आहोत." त्यांनी उत्तर पाठवलं, "लवकर बरे व्हा." बघा! परका माणूस! आणि आई? आईनं फोनवर सगळं ऐकून घेतलं, मध्येच कोणाला तरी "गॅस बंद कर गं" म्हणाली आणि मग मला, "जाऊ दे गं बाळा. अंडी काय, दुकानात मिळतात." मिळतात, आई. अंडी मिळतात. माझं ऐकून "कोऽऽक?" म्हणणारं कोणी कुठल्या दुकानात मिळतं ते सांग.

रविवार. पार्किंग. सगळी बिल्डिंग तोंडाला रुमाल बांधून! दोन गाड्यांच्या मध्ये टेबल, टेबलामागे सेक्रेटरीकाका, बाजूला खुर्च्या, आणि माझ्या दोन्ही बाजूंना तीन-तीन खुर्च्या रिकाम्या. एका कोपऱ्यात प्लंबर उभा, हातात हा एवढा पाना. टाकीच्या गळतीचं सांगायला बोलावलेला, पण गळती विषय क्रमांक दोन होता आणि विषय क्रमांक एक मी होते.

काका म्हणाले, "भावनेचा प्रश्न नाही. आरोग्याचा प्रश्न आहे. आजारी पक्षी इमारतीत नको."

आणि मी उठले. मी, जी दोन वर्षं रोज नऊ तास दिलगीर असते! मी म्हटलं, "मी दिलगीर नाही. ऐका सगळ्यांनी. आजारी आहे म्हणून टाकायची? साडूकाका, तुमच्या साडूला खुडूक झाला तेव्हा बायकोनं त्यांना घरातून हलवलं का? सेक्रेटरीकाका, तुम्हाला गेल्या हिवाळ्यात कांजिण्या झाल्या, या वयात, तेव्हा तुम्हाला खाली सूप कोणी आणून दिलं? मी दिलं! दारावर नोटीस लावली का मी? ती बोलत नाही म्हणून तिला कोणी नाही असं समजू नका. आहे. मी आहे. एकवीस दिवस ना? एकवीस दिवस मी तिच्यासकट घरात कोंडून घेते, दाराला बाहेरून कुलूप घाला, जेवण दोरीनं वर पाठवा, नका पाठवू, पण माझी कोंबडी कुठेही जाणार नाही! खुडूक तिला झालाय, मला होऊ दे, सगळ्या सातव्या मजल्याला होऊ दे..."

आणि इथे कोपऱ्यातून आवाज आला. "खॅक्!"

प्लंबर. हसत होता. तोंड दाबून, पाना पोटाशी धरून, डोळ्यात पाणी. काका म्हणाले, "यात हसण्यासारखं काय आहे?" तो म्हणाला, "साहेब... एक तास ऐकतोय... मला वाटलं खुडूक कोणा माणसाचं आडनाव आहे... अहो, खुडूक हा रोग नाही! कोंबडी खुडूक बसते! म्हणजे तिला पिल्लं काढायचीत! अंड्यांवर बसलीये ती, ऊब द्यायला. छातीची पिसं काढते ती अंड्याला कातडीची ऊब लागावी म्हणून. एकवीस दिवसांनी पिल्लू निघतं. आई व्हायचंय हो तिला!"

सगळ्यांचे रुमाल एकेक करून खाली. आणि मग साडूकाका, अगदी हळू आवाजात, "मग माझ्या साडूला काय झालं होतं?"

सेक्रेटरीकाका इतक्या सहज हार मानतात का! म्हणाले, "पण अंडं तर नाहीच म्हणते ही. मग कोंबडी बसलीये कशावर?" हे मात्र खरं होतं हो. मग काय, सगळी सभा वर! लिफ्टमध्ये चौघं-चौघं, बाकीचे जिन्यानं धापा टाकत, माझ्या एका खोलीत अख्खी बिल्डिंग. प्लंबर खोक्यापाशी वाकला, बाईसाहेब गुरगुरल्या, त्यानं "हो गं, हो गं बाई," म्हणत हात खाली सरकवला, आणि बाहेर काढला...

माउस.

माझा पांढरा माउस. कधीतरी टेबलावरून पडला असणार, बाईसाहेबांनी चोचीनं लोटत लोटत खोक्यात नेला असणार, आणि दहा दिवस, तुम्हाला सांगते, दहा दिवस जिवाचं रान करून त्याला ऊब दिली! अन्न सोडलं! पिसं उपटली! कोणी हसलं नाही. खरंच. प्लंबरनं तो माउस बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि परत तिच्या पोटाखाली ठेवला. म्हणाला, "गार पाण्यात बसवून खुडूक मोडता येते. पण कशाला मोडायची? खरी अंडी द्या हिला."

मी आजोबांना फोन केला. आजोबा ओरडलेच, "अगं, मी सांगितलं नव्हतं का, बसणारी आहे म्हणून! हल्लीच्या कोंबड्या बसायचंच विसरल्या, बसली की अंडी बंद, म्हणून माणसानं त्यांच्यातून ते काढूनच टाकलंय. हिच्यात अजून आहे. त्यासाठी तर हा वाण ठेवलाय!" ऐकलंत? मी महिनाभर सगळ्यांना नाक वर करून सांगत होते, "आमची जुन्या वाणाची आहे हं," आणि जुनं म्हणजे काय जुनं, तेच मला माहीत नव्हतं!

आजोबांनी पाच अंडी दिली, मी ती मांडीवर घेऊन बसमधून आणली, श्वास रोखून. काकांनी वहीत 'पक्षी' या शब्दापुढे स्वतःच्या हातानं लिहिलं, 'कोंबडी (बसणारीसह)'. आणि एकविसाव्या दिवशी, दुपारी, चादरीखालून "पिक्!"

चार पिल्लं. प्रत्येकाच्या पायात एवढेसे मोजे.

जिंकले ना मी? जिंकलेच! पण पुढचं ऐका. पहिल्या दिवशी दोन माणसं आली बघायला. दुसऱ्या दिवशी अकरा. मग स्टुलं घेऊन यायला लागले. साडूकाका साडूला घेऊन आले! मानेला खाज येणारी ती बाई रोज येते, शेपूट तिच्या मांडीवर झोपते, माझ्या कधी नाही झोपली. आणि सेक्रेटरीकाका! मी टेबलाशी बसून दिलगीर असते, आणि मागे गच्चीच्या दारात काका खाली बसून बाईसाहेबांना सांगतायत, "म्हणजे बघा, मी त्यांना म्हटलं, नियम म्हणजे नियम..." आणि बाईसाहेब? माझी बाईसाहेब? "कोऽऽक?" अगदी त्याच आवाजात! मी मोठ्यानं तक्रार वाचली तर काका वळून, "श्श!"

काल लिफ्टशेजारी वेळापत्रक लागलंय. सोमवारी पहिला ते तिसरा मजला. बुधवारी चौथा ते सहावा. गुरुवारी प्लंबर. सेक्रेटरी, रोज, 'देखरेखीसाठी'. मी वाचत वाचत खाली आले, अगदी शेवटी, बारीक अक्षरांत, 'सातवा मजला (मालकीण): मंगळवार, पावणेसात ते सात. पक्ष्यांशी फार बोलू नये.'

गप्प बसले असेन मी? भांडले! कडाडून भांडले, घर माझं, गच्ची माझी, कोंबडी माझी, मी म्हटलं हे मी अजिबात चालवून घेणार नाही! काकांना शेवटी माघार घ्यावी लागली. सात वाजून दहा मिनिटांपर्यंत वाढवून दिलंय.

किती वाजले हो? सहा पस्तीस? अहो, मग मघाशीच सांगायचं ना! आज मंगळवार आहे, उशीर झाला तर माझी वेळ साडूला देतील.